पिनो न्वार: द्राक्ष एकच, मग दोन बाटल्यांत एवढा फरक कसा काय?

पेठेतला_पाहुणा (पुणे)

नमस्कार मंडळी. वाइनमधलं मला फार कळतं असं अजिबात नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोय. मेव्हण्याने येताना दोन बाटल्या आणल्या, दोन्ही पिनो न्वार असं तो म्हणाला. एक फ्रान्सची, बर्गंडीमधली, लेबलवर फक्त व्होल्ने आणि २०२१ लिहिलंय, द्राक्षाचं नाव कुठेच नाही. दुसरी न्यूझीलंडची, सेंट्रल ओटागो, तिच्यावर पिनो न्वार ठळक अक्षरात.

तर फ्रान्सवाली इतकी फिकी की ग्लासमागे धरलेलं बोट दिसत होतं, चवीला आंबट, वास थोडा बीटसारखा थोडा ओल्या पाचोळ्यासारखा. न्यूझीलंडवाली गडद, पिकलेल्या चेरीचा दणदणीत वास आणि घशात मस्त गरम. लेबलवर बघितलं तर एकीत अल्कोहोल १२.५ टक्के, दुसरीत १४. आमच्याकडे सगळ्यांनी एकमताने न्यूझीलंडला पास केलं आणि फ्रान्सवालीला "पाणी घातलंय" म्हणून निकालात काढलं, आणि तीच दुप्पट महाग होती!

आता प्रश्न: द्राक्ष खरंच एकच आहे का? की एक बाटली खराब निघाली? आणि चुलतभावाची दिंडोरीकडे थॉमसनची बाग आहे, तो विचारतोय हे आपल्याकडे लावता येईल का. जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगा.

टेकडीवरचा (हिल्सबरो, ओरेगन)

बाटली खराब नव्हती हो. द्राक्षही तेच. फरक हवेचा आहे, आणि तुमच्या केसमध्ये त्या वर्षाच्या हवेचाही, त्याच्यावर येतो.

मी राहतो तिथून अर्ध्या-पाऊण तासावर विलामेट व्हॅलीच्या पिनोच्या बागा सुरू होतात, त्यामुळे शनिवार-रविवारी दुसरं काही सुचलं नाही की आम्ही तिकडेच असतो. बागवाल्यांशी बोलून जे कळलं ते असं की हे द्राक्ष म्हणजे भयंकर नाजूक प्रकरण. साल पातळ. घड लहान आणि इतका घट्ट की मणी एकमेकांवर दाबलेले असतात, मध्ये हवा जात नाही, काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की आतून कुजायला सुरुवात. वर डोळे (वेलीवरचे कोंब) लवकर फुटतात म्हणजे वसंतातल्या हिमाच्या रात्रीत सापडायची खात्री. आणि पिकतंही लवकर, म्हणजे उन्हाळा कडक असला तर ऐन उन्हात पिकून मोकळं होतं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

का बिघडतं, तर पिकताना मण्यात दोन-तीन गोष्टी एकदम चालू असतात. साखर चढते, आंबटपणा उतरतो, वास आणि रंग तयार होतात. उष्णतेत साखर धडाधडा चढते आणि मॅलिक ॲसिड, म्हणजे मण्यातला आंबटपणा, वेल स्वतःच जाळून टाकतो, पण वास तयार व्हायला वेळ लागतो तो मिळतच नाही. मग थांबावं तर साखर डोक्यावरून जाते आणि वास जॅमसारखा शिजका होतो. म्हणून त्याला मोसमाची सरासरी साधारण १४ ते १६ अंशांच्या आसपासची हवा लागते. कॅबर्ने किंवा शिराझ या दुसऱ्या काळ्या द्राक्षांना याहून जास्त ऊब चालते आणि त्यांची साल जाड, रंग आणि टॅनिन (तुरटपणा) भरपूर, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी झाकलं जातं. पिनोमध्ये झाकायला काही नाहीच. त्यात त्याचे रंगद्रव्याचे जे प्रकार आहेत ते टिकाऊ नाहीत, इतर काळ्या द्राक्षांत जे जास्त पक्के रंग असतात ते याच्यात बनतच नाहीत. त्यामुळे बोट दिसणं हा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

आता तुमच्या दोन बाटल्या. सेंट्रल ओटागो ४५ अंश दक्षिणेला, चारी बाजूंनी डोंगर, न्यूझीलंडमध्ये समुद्राचा असर न लागणारा वाइनचा पट्टा म्हणाल तर हाच. पाऊस अगदी कमी, अलेक्झांड्राच्या बाजूला वर्षाला ४०० मिमीच्या आतच. उन्हाळ्यात दुपारी तिशीला टेकतं आणि रात्री १० वर येतं. ऊन बोचरं, वारा सतत, त्यामुळे पातळ सालीचं हे द्राक्षसुद्धा तिथे साल जरा जाड करून घेतं, म्हणून रंग जास्त. दिवसा साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा शाबूत राहतो, म्हणून १४ टक्के असूनही पिताना जड वाटत नाही.

आणि व्होल्ने २०२१, तर त्या वर्षी बर्गंडीत एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सलग रात्री हिम पडलं, त्याआधी मार्चअखेर चांगलंच गरम झालेलं म्हणून डोळे फुटून बसलेले, पुढे उन्हाळाही गार आणि ओला. पीक थोडं आलं आणि वाइन हलक्या अंगाच्या झाल्या. त्यात व्होल्ने गाव मुळातच नाजूक वाइनसाठी प्रसिद्ध. हीच बाटली २०२० ची असती, त्या वर्षी तिकडे ऑगस्टमध्येच काढणी सुरू झाली होती, तर तुम्ही वेगळीच पोस्ट टाकली असती.

चौकस_चिंतू (ठाणे)

आता कुणीतरी देवगड हापूस विरुद्ध कर्नाटक हापूस हे उदाहरण देणार, मी आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढच्यांचं टायपिंग वाचेल :)

हवामान वगैरे मान्य हो. पण दुप्पट किंमत हवामानाची नाही, नावाची आहे. गावाचं नाव छापलं की झाले पैसे. एकाच डोंगरावर, एकाच हवेत, शंभर पावलांवर एक बाटली दहा हजाराला आणि दुसरी लाखाला, हे कुठलं हवामान? शिवाय बर्गंडीत गार वर्षी रसात साखर घालायला कायद्याने परवानगी आहे हे कुणी सांगत नाही. म्हणजे पाहुण्यांच्या १२.५ मधले काही पॉइंट पोत्यातले असू शकतात.

सिग्नल_तोडू_नका (मुंबई, आधी दिजों)

चिंतूशेठ, साखरेचं बरोबर आहे, लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेला १ टक्का अल्कोहोल असा हिशोब असतो आणि गार वर्षी थोडी घालतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती आंबवायच्या वेळी घालतात, सगळी अल्कोहोल होऊन जाते, गोडी राहत नाही, आणि त्याने नसलेला वास काही येत नाही.

शंभर पावलांचं मात्र सांगतो, कारण मी शिकायला बर्गंडीतल्या दिजोंला होतो आणि बसने खाली उतरून त्या बागांतून पायी हिंडलोय. कोत दोर म्हणजे दिजोंपासून दक्षिणेला जेमतेम ५० किलोमीटरची एक पट्टी, काही ठिकाणी रुंदी एक किलोमीटरसुद्धा नाही. वोन रोमाने गावाचं घ्या. खाली हमरस्ता आहे, त्याच्या पूर्वेला सपाट जमीन, चिकण माती, पाणी धरून ठेवणारी, तिथल्या द्राक्षाची वाइन बहुतेक नुसती बूर्गोन्य (बर्गंडीचंच फ्रेंच नाव) म्हणून विकली जाते. रस्ता ओलांडून गावाकडे आलात की गावाच्या नावाची वाइन. गाव मागे टाकून उताराला लागलात की दगडी क्रॉस लागतो, तिथे रोमाने काँती ही सगळ्यात नावाजलेली बाग, सगळी मिळून १.८ हेक्टर, म्हणजे आपल्याकडचे साडेचार एकर. अजून वर गेलं की चढ तीव्र होत जातो, माती पातळ, दर्जा परत एक पायरी खाली, आणि सगळ्यात वर झाडी. हे सगळं रमतगमत अर्ध्या तासात चालून होतं.

आता मधल्या पट्ट्यातच का? तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन पहिलं तिथे, दव लवकर वाळतं, आणि वर टेकडीवरच्याने सांगितलं ना घट्ट घडाचं, त्याला दव लवकर वाळणं म्हणजे निम्मी लढाई जिंकली. चुनखडी आणि चिकणमाती मिसळलेली, जास्तीचं पाणी निथळतं पण वेल तहानेने मरत नाही. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून घसरून खाली सपाटीवर साचते, त्यामुळे हिमाचा फटका खालच्यांना जास्त. वरच्यांना वारा आणि गारवा जास्त, पिकायला उशीर. म्हणजे हवामान खात्याच्या तक्त्यात एकच आकडा असेल पण वेलीच्या पातळीवर ती एक हवा नाहीये.

नाव छापून पैसे होतात हेही तितकंच खरं, याचं उदाहरण तिथेच शेजारी आहे. क्लो द व्हूजो नावाची भिंतीने वेढलेली ५० हेक्टरची बाग, मूळची सितो मठाच्या साधूंची, आता मालक ८० च्या आसपास. भिंतीच्या आतलं सगळंच्या सगळं सर्वोच्च दर्जाचं मानलं जातं, अगदी खालचा रस्त्यालगतचा ओलसर भागसुद्धा, कारण भिंत आहे! तिथे मी तुमच्या बाजूने.

बाकी हे द्राक्ष तिथे आपोआप टिकलं असंही नाही. १३९५ मध्ये तिथल्या ड्यूकने, फिलिप द बोल्ड, गामे जात उपटून टाका असा हुकूम काढला होता, कारण गामे भरपूर पीक देते आणि शेतकऱ्यांना साहजिकच तीच आवडायची. पिनो कमी देते आणि कटकट जास्त. शेतकऱ्याच्या जागी मी असतो तर गामेच लावली असती.

टेकडीवरचा (हिल्सबरो, ओरेगन)

चिंतूशेठना आमच्याकडची गोष्ट आवडेल. १९६० च्या दशकात डेव्हिड लेट नावाचा माणूस इथे पिनोची रोपं घेऊन आला, तेव्हा कॅलिफोर्नियातले लोक म्हणत होते की ओरेगनच्या पावसात द्राक्ष सडणार. पण पाऊस इथे हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, आणि अक्षांश ४५ उत्तर. त्याची १९७५ ची वाइन १९७९ ला पॅरिसच्या स्पर्धेत पिनोंमध्ये पहिल्या दहात आली. बर्गंडीच्या रोबेर द्रूएँना ते पटलं नाही, त्यांनी १९८० मध्ये परत चाखणी ठेवली, बाटल्या झाकून, तर ओरेगनवाली दुसरी आली, पहिल्या नंबरच्या १९५९ च्या शांबोल म्युझिन्यीपेक्षा अगदी किंचित मागे. मग त्याच द्रूएँ घराण्याने १९८७ मध्ये इथे डंडी हिल्समध्ये जमीन घेतली.

पण "म्हणजे बर्गंडी आणि ओरेगन सेम" असं नाही. इथेही दहा मैलांवर फरक पडतो. डंडीची माती लाल, ज्वालामुखीची, तिथली वाइन लाल चेरीच्या वासाची आणि मऊ. थोडं दक्षिणेला इओला-ॲमिटी टेकड्या, तिथे किनाऱ्याच्या डोंगररांगेत व्हॅन ड्यूझर नावाची फट आहे, उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की त्या फटीतून समुद्राचा गार वारा जो घुसतो तो असा की चार वाजता हाफ शर्टवर असलेले लोक सहाला जॅकेट शोधत असतात. वाऱ्याने मण्यांची साल जाड होते आणि रात्री गार म्हणून आंबटपणा टिकतो, तिथली वाइन जास्त गडद आणि ताठ.

आणि सगळं गोड गोड नाही. २०२० च्या सप्टेंबरात ऐन काढणीत वणव्यांचा धूर बसला, पांढऱ्यांचं निभावलं कारण त्यात साल लगेच काढतात, पण लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि धुराचं जे काही असतं ते सालीत, त्यामुळे कित्येकांनी त्या वर्षी पिनो केलीच नाही.

निफाडचा_बागायतदार

वाचतोय केव्हाचा. फ्रान्स-अमेरिका तुम्ही सांगितलंत, दिंडोरीचं मी सांगतो.

पाहुणे, आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिकडे थंडीत पानं गळतात, वेल चार-पाच महिने गप्प, मग वसंतात फुटतो. आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग (डोळ्यांना औषध लावणं) करावं लागतं. हा पहिला फरक. दुसरा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो आणि वर कुणी बोललं नाही. तिकडे मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागतो, ऑगस्टमध्ये आणि माल पिकतो सप्टेंबरात, म्हणजे दिवसेंदिवस हवा गार होत असताना. आपल्याकडे ऑक्टोबरला छाटलेल्या बागेत पाणी उतरतं थंडीत आणि माल तयार होतो फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे हवा तापत असताना. बरोबर उलटं. पिनोला शेवटचे तीन-चार आठवडे गारवा पाहिजे, आपण त्याला नेमका तेव्हाच उन्हाळा देणार.

मग कुणी म्हणेल लवकर छाटा, सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे माल जानेवारीत येईल, निफाडला तेव्हा पारा ५ च्या खालीही जातो, फुल गारवा. कागदावर बरोबर. पण सप्टेंबरला छाटलं की फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडणार, डाऊनी (बुरशीचा रोग) आलीच, आणि या जातीचा घड असा घट्ट की फवारा आत पोचत नाही. टेबल (खायच्या) द्राक्षात आपण जीए हे संजीवक देऊन घड लांब करतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. वाइनच्या मालात मणी बारीकच पाहिजे, साल जास्त रस कमी, त्यामुळे ती सगळी हातातली हत्यारं बाजूला ठेवायची.

आपल्याकडे वाइनसाठी शेनिन, सोव्हिन्यो, शिराझ, कॅबर्ने चालतात त्याला कारण आहे, ती ऊन सोसतात. पिनोचा आपल्याकडे उपयोग म्हणाल तर स्पार्कलिंगला (बुडबुड्यांच्या वाइनला), कारण त्याला माल कच्चाच तोडतात, साखर कमी आंबटपणा जास्त पाहिजे, आणि रंग नकोच असतो, रस पटकन दाबून काढून घेतात. म्हणजे गरम व्हायच्या आत बाग मोकळी. शॅम्पेनमध्ये पण पिनो असतोच की.

श्टुटगार्टकर

भाऊंनी गारवा-उष्णतेच्या दिशेचं सांगितलं ते वाचून मजा आली, आमच्याकडे नेमकी तीच दिशा आता डळमळीत झालीये.

जर्मनीत याच द्राक्षाला श्पेटबुर्गुंडर म्हणतात, आणि फ्रान्स-अमेरिकेनंतर सगळ्यात जास्त लागवड जर्मनीत आहे, ११ हजार हेक्टरच्या वर. जुने लोक सांगतात पूर्वीची जर्मन लाल वाइन म्हणजे फिकट गुलाबी पाणी, पिकायचीच नाही नीट. आता बाडेनमध्ये, कायझरश्टूलला, अशी वाइन निघते की झाकून दिली तर बर्गंडी म्हणाल. आर नदीचं खोरं तर ५० अंशांच्याही वर, तिथे नदीकाठच्या उभ्या उतारावर काळ्या पाटीच्या दगडात वेली, दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब देतो, एरवी त्या अक्षांशावर लाल द्राक्ष पिकायचं नाही. (जुलै २०२१ च्या पुरात हेच खोरं वाहून गेलं, उतारावरच्या बागा बऱ्याचशा वाचल्या पण तळघरं, पिंपं, गावं गेली.)

बर्गंडीचं तर लेखी आहे. तिथल्या बोन गावात काढणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासूनच्या आहेत, त्या २०१९ मध्ये एकत्र छापल्या गेल्या. त्यात दिसतं की १९८८ पासून काढणी आधीच्या सहाशे-साडेसहाशे वर्षांच्या सरासरीपेक्षा १३ दिवस लवकर होतेय. १३ दिवस म्हणजे किरकोळ वाटेल, पण सप्टेंबरअखेरचा माल सप्टेंबरच्या मध्यावर आला, म्हणजे जास्त गरम दिवसांत पिकला.

आणि लोकांना वाटतं गरम झालं तर निदान हिम तरी टळेल, तर तेही नाही. मार्च गरम म्हणून डोळे आधी फुटतात आणि एप्रिलमधली एखादी उत्तरेकडची थंड लाट यायची ती येतेच. २०२१ ला तेच झालं. मग रात्रभर बागांमधून मोठमोठ्या मेणाच्या बादल्या पेटवून ठेवतात. मोठ्या नावाच्या बागेला परवडतं, बाकीचे आकाशाकडे बघत बसतात. आता काही जण वरच्या बाजूला ओत कोतला (मागच्या उंच टेकड्यांवर) जमिनी घेतायत, जिथे पूर्वी पिकत नाही म्हणून लोक नाक मुरडायचे.

निफाडचा_बागायतदार

शेकोट्या आम्हीपण करतो हो जानेवारीत, आणि पहाटे ड्रिपने पाणी सोडतो. आमची भीती मणी गुलाबी पडण्याची, तुमच्याकडे डोळाच जळतो. धूर मात्र सेम.

चौकस_चिंतू (ठाणे)

बरं, निम्मं मागे घेतो. किंमतीचं निम्मं नाही घेत.

पेठेतला_पाहुणा (पुणे)

एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभारी आहे सगळ्यांचा. व्होल्नेची अर्धी बाटली अजून फ्रीजमध्ये आहे, बूच लावून. परत प्यायची तर कशी? आणि भावाला नक्की काय सांगू, तो दोन एकर काढायला तयार आहे.

सिग्नल_तोडू_नका (मुंबई, आधी दिजों)

आजच संपवा, उद्यावर टाकू नका, या वाइनला उघडल्यावर दम नसतो. आणि तुम्ही पहिल्यांदा प्यालात तेव्हा रूम टेंपरेचरला ठेवली होती का? पुण्याची रूम म्हणजे २८ अंश, त्यात अल्कोहोल वर येतं आणि वास उडतो. १४-१५ अंशांच्या आसपास पाहिजे, फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, ग्लास मोठ्या पोटाचा घ्या, अर्ध्याच्या खाली भरा. तिखट रश्शाबरोबर नको, तिचा जीव जाईल. मशरूम किंवा साधं भाजलेलं चिकन करा. पाचोळ्याचा वास येतो म्हणालात ना, तो वाईट मानू नका, त्याच्यासाठीच लोक पैसे मोजतात. नाही आवडला तर नाही आवडला, न्यूझीलंडची घ्या आणि मजा करा.

निफाडचा_बागायतदार

भावाला सांगा आधी वायनरीशी लेखी करार, मग रोपं. टेबल द्राक्षाला व्यापारी नाही आला तर बेदाणा तरी करता येतो, हा बारीक मण्यांचा, बिया असलेला माल वायनरीने नाही उचलला तर काहीच करता येत नाही. आणि पिनोच लावायचंय असा हट्ट असेल तर वायनरीला पहिला प्रश्न हा विचारायचा की स्पार्कलिंगला घेणार की लाल वाइनला. लाल म्हणाले तर चहा पिऊन परत या. स्पार्कलिंग म्हणाले तर खुंट (ज्यावर कलम करतात ते मूळ) कुठला, तोडणी किती ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आणि पावसात मणी सडले तर भाव काय, हे तिन्ही लिहून घ्या. दोन एकर एकदम काढू नका, दहा गुंठ्यांवर दोन साल बघा. नंबर मेसेजमध्ये पाठवा, बाग बघायची असेल तर गोडी छाटणीच्या वेळी या, तेव्हा बोलायला वेळ नसतो पण बघायला भरपूर असतं.